रात्रीचं जहाज म्हणजे तिकडची एसटीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत इटलीवर पूर्ण पान आलं होतं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसाचा कललेला मनोरा, फोटो मोठेमोठे, सगळं छान. पण खाली शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं की नेपल्सच्या खाली जाण्यात अर्थ नाही, तिकडे गरिबी आहे, चोऱ्या होतात, अन् रात्रीच्या जहाजाचा प्रवास म्हणजे पैसेवाल्यांची हौस. वाचलं तेव्हाच लिहायचं होतं पण बगीच्यात मृग बहार फुटत होता, कामं होती, राहून गेलं. आता लिहून राहिली. कारण मी अन् आमचे हे, दोघं ह्याच मार्चमधे त्याच खालच्या भागात सतरा दिवस फिरून आलो, दोन रात्री जहाजात काढल्या, अन् आम्ही पैसेवाले नाही.

मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातली. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, गेल्या वर्षी रिटायर झाली. घरी साडेचार एकर संत्र्याचा बगीचा. ह्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं, ताण देणं, पाणी सोडणं, डिंक्या रोग खरडून बोर्डो मलम लावणं, व्यापारी बगीचा मागायला आला की भावासाठी चार-चार दिवस घासाघीस. समुद्र म्हणाल तर मी एकदा शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला पाहिला होता, ह्यांनी तेवढाही नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे आल्यावर लेक म्हणाली, आई, आता तरी दोघं कुठं लांब जाऊन या, तर हे लगेच म्हणाले, सिसिलीचा संत्रा पाहू. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात त्यांनी ऐकलं होतं की तिथं आतून लाल संत्रा होते. ते कित्येक वर्षं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

एका टूरवाल्याच्या ऑफिसात गेलो तर त्यानं तुमच्या पानावर आलं तेच ऐकवलं, वर म्हणे तुमच्या वयाला ग्रूपच बरा, दहा दिवसात पाच देश. ह्यांनी विचारलं त्यात संत्र्याचा बगीचा आहे का, तो म्हणाला नाही, मग आम्ही उठलो. लेकीनं पुण्याहून मोबाईलवर सगळी तिकिटं काढली. व्हिसाचं एवढंच सांगते की इटली अन् ग्रीस दोन्ही शेंगेनमधे आहेत, एकच व्हिसा पुरते, जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा अन् तीस हजार युरोचा प्रवास विमा काढावाच लागते.

नेपल्सला दोन दिवस होतो. पाकीट सांभाळावं लागते हे खरं आहे, ते आपल्याकडेही कुठल्याही मोठ्या स्टेशनात सांभाळावं लागते, आम्ही पैसे पोटाशी बांधले अन् काही झालं नाही. लोकल ट्रेननं पॉम्पेईला गेलो, इ.स. ७९ मधे व्हेसुव्हियस फुटून राखेखाली दबलेलं गाव. रस्त्याच्या दगडात बैलगाडीसारख्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या तशाच आहेत. एका भट्टीवाल्याच्या वाड्यात पीठ दळायची जाती आहेत, माणसाच्या कमरेएवढी, लाव्हाच्या काळ्या दगडाची. मी तिथं बराच वेळ उभी राहिली. आपल्या घरची जाती पण काळ्या दगडाचीच, अन् तो दगड पण लाव्हाचाच.

आता जहाजाचं सांगते, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे.

नेपल्सहून सिसिली बेटावरच्या पालेर्मोला रात्री आठच्या सुमारास जहाज सुटते अन् सकाळी साडेसहा-सातला पोचवते. म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते अन् दिवसही मोडत नाही. आम्ही पहिली चूक ही केली की बेवेरेल्लो नावाच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. तो धक्का कॅप्री, इस्किया ह्या बेटांच्या लहान जलद बोटींचा आहे, पालेर्मोचं मोठं जहाज तिथून सुटतच नाही. बॅगा ओढत बंदराच्या कडेकडेनं चालत गेलो, ह्यांचा गुडघा दुखत होता, वेळ होत आली होती, मला तर रडूच येत होतं. एका बंदरातल्या कामगारानं आमच्या तिकिटाचा कागद पाहिला, काही न बोलता माझी बॅग उचलली अन् सरळ जहाजाच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं. पैसे देऊ केले तर हात जोडले त्यानं. म्हणून वाचकांना सांगते, धक्क्याचं नाव तिकिटावर नीट पाहून घ्या अन् दोन तास आधी पोचा.

जहाज म्हणजे मला वाटलं होतं सिनेमात असते तसं, नाचगाणं, स्विमिंग टँक. तसं काही नाही हो. मागचा भाग अख्खा उघडा पडलेला, त्यात एकामागे एक ट्रक उलटे शिरून राहिले, भाजीचे, दुधाचे, फ्रीजवाले, शिट्ट्या, आरडाओरडा, डिझेलचा वास. त्याच ट्रकांच्या बाजूनं आपण पायी आत जायचं, अन् मग सरकत्या जिन्यानं वर. वर गेल्यावर तीन प्रकार. पैसे असले तर केबिन, नाही तर मागे टेकायची खुर्ची, तेही नसलं तर नुसतं डेकचं तिकीट, म्हणजे जिथं जागा मिळेल तिथं पडा. आम्ही खुर्ची घेतली होती. केबिनमधे अंघोळ-संडास असते, वय झालेल्यांनी ती घ्यावी, पण जुलै-ऑगस्टात भाव फार चढतात, १५ ऑगस्टला त्यांचाही मोठा सण असते अन् अख्खा देश गावी निघते.

आमच्या हॉलमधे कोण होतं? ट्रक ड्रायव्हर, बूट काढून पाय वर करून झोपलेले. नेपल्सला कॉलेज शिकणारे पोट्टे-पोट्ट्या, जमिनीवर सतरंजी टाकून. नातवाला घेऊन निघालेली एक म्हातारी, तिच्याजवळ दोरीनं बांधलेलं खोकं. दवाखान्यातून आलेला एक माणूस, हाताला पट्टी. सुट्टीला घरी चाललेला शिपाई. मी तीस वर्षं रात्रीच्या एसटीनं प्रवास केला, हीच माणसं असतात तिच्यात. तिथली माणसं समुद्र ओलांडायला जहाजात बसतात, आपण घाट ओलांडायला गाडीत बसतो, एवढाच काय तो फरक. साहेब, ह्याला पैसेवाल्यांची हौस म्हणणं बरोबर नाही.

समुद्र मार्चमधे थोडा खवळलेला असते. रात्री अकराच्या पुढे जहाज डुलायला लागलं, झुला कसा हळू जाते येते तसं, अन् मला मळमळलं. आवळकाठी तोंडात धरली तर बरं वाटलं. एसी इतका कडक की शाल नसती तर काकडली असती. बायकांचं संडास-बाथरूम रात्री दोनलाही स्वच्छ, नळाला गरम पाणी, दाराला आतून धड कडी. मी तीनदा उठून गेली, एकटी, पूर्ण जहाजभर, एकदाही मागे वळून पाहावं लागलं नाही. आपल्या रात्रीच्या गाड्या जिथं थांबतात तिथं बायकांची काय गत असते ते ज्या बाईनं केलं तिलाच माहीत. मी सांज झाली की पाणी पिणं बंद करायची, बत्तीस वर्षं, ट्रेनिंगला जायचं असलं की. जहाजावरच्या त्या साध्या कडीसाठी मला भरून आलं, हे खरं सांगते.

ती खोकंवाली म्हातारी आमच्या बाजूच्याच खुर्चीवर होती. भाषा तिची आम्हाला कळेना, आमची तिला कळेना. मी जवसाची चटणी अन् दशमी काढली, तिला दिली, तिनं खाल्ली, डोळे पुसले, हसली, अजून मागितली. मग तिनं पिशवीतून एक संत्रा काढला, चाकूनं कापून अर्धा ह्यांच्या हातावर ठेवला. तो आतून लाल. साधा लाल नाही, बीटासारखा, मधे मधे काळपट झाक. हे पाहतच राहिले. आधी हुंगला. मग साल नखानं सोडवून पाहिली, सुटेना, घट्ट. मग फोडी मोजल्या, बी शोधली, नव्हती. मग खाल्ला अन् डोळे मिटून बसले. मला हळूच म्हणाले, "पाय वं, हे आपल्या संत्र्याच्या जातीचं नाही, हे मोसंबीच्या जातीचं हाय. पण चव पाय." खरंच आहे ते. आपला नागपुरी संत्रा ढिल्या सालीचा, अन् तिथला घट्ट सालीचा, मोसंबीच्या कुळातला. तारोक्को, मोरो अन् सांग्विनेल्लो अशा तीन जाती, मोरो सगळ्यात गडद. जांभळात, वांग्याच्या सालीत जो रंग असते त्याच घराण्यातला रंग, अन् तो चढायला रात्र थंड अन् दिवस ऊन असा फरक लागते. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याला तो फरक मिळते म्हणून तिथला माल खास.

सकाळी सहाला डेकवर गेलो. पालेर्मोच्या मागचा डोंगर आधी काळा, मग जांभळा, मग गुलाबी होत गेला. हे कठड्याला धरून उभे होते, टोपी हातात, एक शब्द नाही. बासष्ट वर्षांच्या माणसानं पहिल्यांदा समुद्रावर सूर्य उगवताना पाहिला.

पालेर्मोचं बल्लारो मार्केट म्हणजे आपला आठवडी बाजारच, ओरडून ओरडून माल विकतात. तिथं एकाच्या गाड्यावर पानेल्ले नावाचा पदार्थ होता. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापायचं, कापायचं, तळायचं, पावात घालून लिंबू पिळून द्यायचं. हे म्हणाले, "अवं, हे तं आपली पाटोडीच हाये!" रश्श्यात टाकली असती तर अजून बहार. वांगी तर इतकी खातात, भाजून, तळून, आंबटगोड करून, की आम्हाला जेवणाची अडचण म्हणून कशी ती आलीच नाही. अन् हे बहुतेक सगळं अरबांनी तिथं नेलं, हजारेक वर्षांपूर्वी, वांगी, लिंबू, आंबट नारिंग, ऊस, अन् जमिनीखालून पाणी नेण्याचे बोगदे. त्यांच्या भाषेत संत्र्याला आरान्चा म्हणतात, तो शब्द मुळात आपल्या संस्कृतातल्या नारंगापासून फारसी-अरबीतून फिरत तिकडे गेलेला. मी शाळेत भाषा शिकवली, हे मला आधी माहीत असतं तर पोरांना सांगितलं असतं.

मग कातानियाला गेलो अन् तिथून सिराक्युसच्या गाडीत बसलो. लेंतिनीच्या आसपास दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, हे खिडकीला नाक लावून. बांधाला निवडुंग, आपल्या नागफणीसारखा. त्याच्या फळाला ते लोक भारताचं अंजीर म्हणतात, खरं म्हणजे ते झाड अमेरिकेतून आलेलं, कोलंबसाला अमेरिका म्हणजे भारत वाटला त्याची ती खूण. परतताना एका बगीचावाल्यानं आम्हाला आत येऊ दिलं. हे खाली बसले, चिमूटभर माती घेतली, बोटांनी चोळली. काळी, भुसभुशीत, एटनाची राख. आपली काळी पण लाव्हाचीच माती, पण तो लाव्हा फार फार जुना, कोट्यवधी वर्षांचा, झिजून झिजून त्याची चिकट माती झाली, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात पाय रुतते. त्या माणसानं अन् ह्यांनी अर्धा तास नुसत्या हातवाऱ्यांवर गप्पा मारल्या. भाव विचारला तर त्यानंही आपल्यासारखाच हात उडवला.

सिसिलीतून परत मेन इटलीत येताना अजून एक जहाज लागते, ते मात्र सगळ्यांनी पाहावं. मेसिनाची सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी तीनेक किलोमीटरच आहे, पण पूल नाही, म्हणून अख्खी रेल्वे जहाजात घालतात. डबे तोडून दोन-दोन तुकडे करून जहाजाच्या पोटात रुळावर ढकलतात, आपण डब्यात बसून राहा नाहीतर वर जाऊन वारा खा. पाणी ओलांडायला अर्धा तासच, पण तोडाजोडी धरून दीड-दोन तास जातात. पुलाचं बोलणं तिथं कित्येक पिढ्यांपासून चालू आहे. मला आपलं गोसेखुर्द धरण आठवलं, १९८८ ला पायाभरणी झाली, मी तेव्हा कॉलेजात होती.

सालेर्नोला उतरून बसनं मातेरा. तिथं डोंगराच्या कड्यात कोरलेली घरं आहेत, सास्सी म्हणतात. १९५० पर्यंत माणसं, गाढव, कोंबड्या, सगळे एकाच गुहेत राहायचे. देशाची लाज म्हणून १९५२ ला कायदा करून लोकांना बाहेर काढलं, जवळपास पंधरा हजार माणसं, अन् घरं ओसाड पडली. मग १९९३ ला युनेस्कोनं वारसा म्हणून घेतलं, २०१९ ला ते युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. ज्या गावाची लाज वाटत होती तिथं आता जगातून लोक येतात. माझ्या माहेरी ओसरीवर बैल बांधायचे अन् बाजूच्या खोलीत आम्ही झोपायचो, म्हणून त्या गुहेतली गव्हाण पाहून मला परकं काहीच वाटलं नाही.

मातेराहून बारीला जायला नॅरोगेज गाडी आहे. हे लिहिताना हात थांबते माझा. आपली शकुंतला रेल्वे बंद पडली अन् तिथं तसलीच लहान रुळाची गाडी अजून रोज शाळेची पोरं अन् भाजीवाल्या घेऊन धावून राहिली. मधे अल्तामुरा लागते, तिथला पाव आपल्या बन्सीसारख्या कडक गव्हाचा, पिवळसर, आठ दिवस टिकणारा. आम्ही एक मोठा घेतला तो ग्रीसपर्यंत पुरला.

बारीहून एक दिवस लेच्चेला गेलो अन् तिथं जे पाहिलं ते आपल्या संत्रापट्ट्यातल्या माणसानं समजून घ्यायलाच पाहिजे. मैलोनमैल जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं वाळून उभी, राखाडी, शेंडे मोडलेले, काही तर शेकडो वर्षांची जाडजूड खोडं. २०१३ ला गाल्लिपोली गावाच्या बाजूला हा रोग पहिल्यांदा सापडला. झायलेला नावाचा जिवाणू झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्यांत बसते, झाड तहानेनं मरते, अन् फेसाळ थुंकीसारखं घरटं करणारा एक लहान किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. औषध नाही. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की तो बाहेर देशातून आणलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपाबरोबर आला. एका रोपाबरोबर! लाखो झाडं गेली. आता तग धरणाऱ्या लेच्चिनो अन् फावोलोसा ह्या जाती लावून राहिलेत. गाडीत हे एकदम गप्प झाले. आपल्याकडे पन्हेरीतून, म्हणजे नर्सरीतून, कलमं आणताना कोण तपासते? ट्रॅक्टरभर आणायची अन् लावायची. घरी आल्यावर ह्यांनी नवीन कलमं महिनाभर वेगळी ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसरं रात्रीचं जहाज बारीहून पात्रासचं, ग्रीसचं. संध्याकाळी निघते, पहाटे इगुमेनित्साला थांबते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते, घड्याळ एक तास पुढे करायचं. ह्यात ट्रक ड्रायव्हरच जास्त, त्यांचं कँटीन वेगळं, जेवण बरं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, त्यानं सांगितलं की १९९१ च्या ऑगस्टात व्लोरा नावाचं जहाज अल्बेनियातून ह्याच बारी बंदरात आलं होतं, वीसएक हजार माणसं लदलेली, दोऱ्यांना, शिडाच्या काठ्यांना लटकलेली. समुद्र तोच अन् बंदर तेच. आम्ही खुर्चीवर शाल घेऊन बसलेलो, हातात चहा.

दक्षिण इटलीतून लोक पिढ्यानपिढ्या बाहेर गेले, उत्तरेकडे, अमेरिकेकडे. सिसिलीत काही गावांनी घरं एक युरोला विकायला काढली, सांबूकाचं नाव २०१९ ला जगभर झालं. आमच्या गावातही कुलूप लागलेले वाडे मोजले तर हाताची बोटं पुरत नाहीत. म्हणून मला ती माणसं आपली वाटली, अन् त्यांच्या भागाला कोणी "अर्थ नाही" म्हटलं की आपल्यालाच म्हटल्यासारखं लागते. विदर्भाला असंच म्हणणारे कमी नाहीत.

साहेब, हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण एवढंच. आम्ही आल्यावर गावातली दोन जोडपी पुढल्या मार्चला जायला तयार झाली होती, कागद गोळा करून राहिले होते. तेवढ्यात तुमचं पान आलं. आता त्यांची मुलं तेच पान दाखवून म्हणतात, पेपरातच लिहिलंय, तिकडे जाऊ नका, अन् जहाज तर नकोच. ती चौकट कृपया दुरुस्त करून छापा, अन् जमलं तर नेपल्स-पालेर्मो, बारी-पात्रास ह्या जहाजांची माहिती त्याच पानावर द्या. पेपर त्यांच्याकडे जपून ठेवलेला आहे, नवीन पान आलं की मी स्वतः नेऊन देणार आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, ता. वरूड, जि. अमरावती